परतीची फेरी

टूर मॅनेजरचं काम म्हणजे मुळात माणसं मोजणं. कोचमधून उतरताना मोजायची, चढताना पुन्हा मोजायची. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी शार्त्रला माझा आकडा एकतीसवर अडला. ग्रुप बत्तीसचा होता.

शार्त्र पॅरिसपासून नव्वदेक किलोमीटर. कॅथेड्रलच्या निळ्या काचा दाखवायच्या, तासाभरात निघायचं, मुक्काम तूरला (गाव आहे, डाळ नव्हे, हे प्रत्येक ग्रुपला सांगावं लागतं). पण शुक्रवार असल्याने खुर्च्या बाजूला केल्या होत्या. लेंटपासून (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) ऑल सेंट्सपर्यंत (१ नोव्हेंबरचा सण) शुक्रवारी त्या हलवतात आणि एरवी त्यांच्याखाली झाकलेला लॅबिरिन्थ, म्हणजे चालायची वळणावळणांची आकृती, उघडा होतो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, फरशीतच बसवलेला, जवळजवळ १३ मीटर व्यासाचा, ११ फेऱ्यांचा.

मी सवयीने 'भूलभुलैया' म्हणालो. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले एक काका वाकून रेघा बघत होते. म्हणाले, "साहेब, चुकायला फाटा तरी पाहिजे ना. कुठाय?"

खरंच नव्हता. वाट एकच, फूटभर रुंद, २६० मीटरच्या आसपास. बाकीच्यांनी दोन वळणं घेऊन फोटो काढले, रेघा ओलांडून मध्ये गेले आणि कंटाळून बाहेर आले. काकांनी मात्र बूट काढून खांबापाशी ठेवले आणि चालायला लागले.

पाऊण तासाने त्यांना आणायला मी आत शिरलो. आडवं जाता आलं असतं. पण सात-आठ लोक मान खाली घालून शांतपणे चालत होते, त्यांच्यामधून घुसायचं धाडस झालं नाही. सुरुवातीलाच वाट मध्याला जाऊन भिडते. वाटलं, पोचलोच. मग ती वळते, वळत राहते आणि हळूहळू पार बाहेरच्या कडेला नेऊन सोडते. खिशात फोन थरथरत होता. आधी चिडचिड झाली, मग नुसतीच पावलं पडत राहिली. शेजारच्या फेरीतून काका समोरून आले आणि न थांबता एकच शब्द बोलून गेले, "पसरणी."

कळायला दोन वळणं लागली. वाई-महाबळेश्वर रूटवर त्यांची बरीच वर्षं गेली होती. पसरणी घाट उतरताना वाई खाली हात लावावा इतकी जवळ दिसते, आणि वळणं अजून शिल्लकच असतात.

मध्यभागी गाठ पडली तेव्हा ते फरशीतल्या रिव्हेटकडे बघत उभे होते. "इथलं काय काढलंय?"

"धातूचा पत्रा होता. १७९२ मध्ये काढून नेला. काका, चला, आता सरळ बाहेर पडू."

"असं कसं? परतीची फेरी राहिली ना."

आणि आल्या वाटेने निघाले. मी ड्रायव्हरला मेसेज टाकला आणि त्यांच्या मागे चालू लागलो. घाई करा म्हणायचं राहूनच गेलं.

कोचपाशी ड्रायव्हर घड्याळावर बोट आपटत होता. त्याचं गणित आमच्यामुळे बिघडलं होतं, राग रास्तच. काकांनी हात जोडले आणि मला त्याच्या ड्यूटीचे तास विचारायला लावले. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, तसा कायदाच आहे, हे ऐकून ते त्याच्याकडे बघतच राहिले.

मी मोजले. बत्तीस. दार बंद झालं, कोच हलला, आणि माझं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. नुसते मोजे.