स्टेशन ते स्टेशन, फेरी चौथी : मळवली ते कामशेत

नियम तोच. लोकलमधून उतरल्यापासून दुसऱ्या स्टेशनात शिरेपर्यंत पायीच, रिक्षा-टमटम काही नाही. मळवली आणि कामशेत ही पुणे-लोणावळा लोकलची लागोपाठची स्टेशनं. लोकलला दहा मिनिटं पुरतात, मला साडेदहा तास लागले. मोबाइलवर 25 कि.मी. भरले.

पावणेआठला मळवली सोडलं. एक्स्प्रेसवेवरचा पूल, भाजे गाव, मग पायऱ्या. भाज्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाचं, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचं, तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आत नुसता अंधार. बॅटरी लावल्यावर छताच्या लाकडी फासळ्या दिसल्या. 27 खांब किंचित आत कललेले. दगडाला कलायची गरजच नाही. पण कारागिरांचा हात लाकडावर बसलेला, तो दगडातही तसाच चालला. मी तिथेच तासभर घालवला आणि वेळेचं गणित तिथूनच बिघडलं.

लोहगड सोडून दिला. रविवार होता, लोहगड-विसापूरमधल्या खिंडीतच गलका ऐकू येत होता. शेजारच्या विसापूर किल्ल्यावर धोंड्यांनी भरलेल्या घळीतून चढलो. वर बिनछपराच्या पडक्या भिंती, पाण्याची टाकी, चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक आणि कमरेएवढं वाळकं गवत. तटावरून लोहगड चक्क खाली दिसतो. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड टिकला नाही, ते इथे उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतं.

खिंडीत परत उतरून पवना धरण उजव्या हाताला ठेवत पूर्वेकडे निघालो. दोनदा ढोरवाटेने कारवीत घुसलो, दोनदा मागे फिरलो. त्या पट्ट्याबद्दल यापेक्षा सांगण्यासारखं काही नाही.

बेडशाला चार वाजून गेले होते. हे लेणं पूर्वाभिमुख, म्हणजे तिथेही सावलीच! उंच खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत, ती सकाळच्या उन्हात बघायची. शेजारचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा, मात्र सावलीतही आवडला. विहार सहसा चौकोनी असतात, याची मागची बाजू चैत्यासारखी गोल आहे.

तिथून कामशेतपर्यंत डांबरी रस्ता, शेवटी अंधार आणि डाव्या टाचेला फोड.

थोडक्यात, दोन्ही लेणी मी चुकीच्या वेळी पाहिली. जानेवारीत हीच वाट उलटी करणार: पहाटे कामशेत, उन्हं आली की बेडसे, तिकीट खिडकी बंद व्हायच्या आत भाजे. लोहगड तेव्हाही नाही.