पोट शिवायच्या आधी

पोटाचं ऑपरेशन संपत आलं की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सगळ्यांना घाई सुटते. आतलं काम झालेलं असतं, भूलवाले मॅडम विचारायला लागतात अजून किती वेळ, आणि नेमकं तेव्हाच मी म्हणते, सर थांबा, ग्लोव्ह्ज बदलूया. मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात ओटी सिस्टर आहे, स्क्रबला असते, म्हणजे निर्जंतुक हातांनी सर्जनला इन्स्ट्रुमेंटं देते. ह्या एका गोष्टीवरनं माझं आणि आमच्या मोठ्या सरांचं बरेच महिने चाललंय, आणि मध्यंतरी दोन केसेस अशा झाल्या की अजून डोक्यातनं जात नाहीत.

हे खूळ मी काढलेलं नाही. चीता नावाची ट्रायल झाली, 2022 मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आली. भारत धरून 7 देश, 81 हॉस्पिटलं, 13,301 पेशंट. निम्म्या हॉस्पिटलात नेहमीसारखं, निम्म्यात पोट शिवायच्या आधी स्क्रब केलेल्या सगळ्यांचे ग्लोव्ह्ज आणि इन्स्ट्रुमेंटं बदलायची, बस एवढंच. जखमेत इन्फेक्शन 18.9 टक्क्यांवरनं 16 वर आलं. त्याच्या आदल्या वर्षी असल्याच देशांत 5,788 पेशंटवर महागडं अँटिसेप्टिक आणि ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेला धागा तपासला होता, त्यात काही फरक पडला नाही. तरी एमआर, म्हणजे कंपनीचा माणूस, येऊन धाग्याचं सांगून गेला की धागा लगेच येतो, आणि ग्लोव्ह्जच्या चार जोड्या जास्त मागितल्या की स्टोअरवाले सरकारी योजनेत ऑपरेशनमागं ठरलेल्या पैशांचा, पॅकेजचा, हिशोब सांगतात. ह्याचा मला खरंच राग येतो.

तर पहिली केस. राधानगरीकडचा पेशंट, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं गोळ्या आणून महिनोन्महिने रिकाम्या पोटी खाल्लेल्या. एक्सरेत डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, गॅस, म्हणजे पोटातला अल्सर फुटलेला. रात्री पोट उघडलं तर हिरवट पाणी आणि त्यात भाताची शितं. रात्रीच्या ड्युटीचे ज्युनियर सर होते, त्यांनी भोकावर ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा बसवून टाके घातले, मग कोमट सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या, पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. आतलं पाणी बाहेर यायला ड्रेनची नळी टाकली, मॉप काऊंट, म्हणजे वापरलेल्या कापडी मॉपची मोजणी, बरोबर आला. मग मी वापरलेलं सगळं मागच्या ट्रॉलीवर सरकवलं, त्याला परत हात नाही. ड्रेपची, म्हणजे पेशंटवर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाची, कड ओली झालेली, तिच्यावर नवा टॉवेल. सगळ्यांचे ग्लोव्ह्ज बदलले, माझेपण, कारण सुई लोड करून मीच देणार. आणि क्लोजर सेट, म्हणजे फक्त पोट शिवायच्या इन्स्ट्रुमेंटांचा वेगळा सेट, उघडला. हा सेट मी स्वतः लावलाय, सुई धरायचे दोन नीडल होल्डर, दातवाला फोर्सेप, कोकर नावाचा चिमटा, कात्री, एक रिट्रॅक्टर. प्रत्येक नीडल होल्डरमध्ये सुई पकडून, हलवून बघितलीय सरकते का, ज्यात सरकली तो बाजूला काढला. शिवताना सुई फिरली की सर्जनचा हात चुकतो आणि ओरडा आम्हाला बसतो, म्हणून त्यात तडजोड नाही. एवढं सगळं करायला दोनतीन मिनिटं लागतात.

पाचव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकातनं पू आला.

त्याच आठवड्यात मोठ्या सरांनी फुटलेल्या अपेंडिक्सची केस केली, तीपण मधोमध पोट उघडून. ग्लोव्ह्ज बदलले नाहीत, तीच इन्स्ट्रुमेंटं, आणि तो पोरगा कोरड्या जखमेनं घरी गेला. राऊंडला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा सिस्टर, काय फरक पडला?" सगळा वॉर्ड त्यांच्याच बाजूनं. सरांचा हात सुंदर आहे, त्यांच्यासारखं शिवणारा मी बघितला नाही, पण दोन पेशंटवरनं निकाल लावायचा हे मला पटत नाही. बदलूनसुद्धा शंभरात सोळा चिघळतातच. शंभरात वाचतात ते तिघं, आणि ते तिघं कोण हे त्यांना कळत नाही न आम्हाला. चिघळलेला मात्र रोज ड्रेसिंगला समोर असतो. त्या अल्सरवाल्याचा भाऊ मला रोज विचारायचा, "अजून किती दिस ओ सिस्टर? म्हशी शेजाऱ्याच्या जिवावर टाकून आलोय." एका जखमेपायी घरातली दोन माणसं अडकतात, डेअरीला दूध जात नाही, हे कुठल्या बिलात दिसत नाही.

त्या ट्रायलमध्ये जखम तीस दिवस बघितली होती. आमच्याकडं पेशंट घरी गेला की विषय संपला. म्हणून मी वहीत नंबर लिहून ठेवले आणि महिना झाला की फोन लावायला लागले. त्या अपेंडिक्सवाल्या पोराच्या आईनं फोन उचलला. म्हणाली, "टाकं काढल्यावर पानी यायला लागलं की, गावातल्याच डॉक्टरनं पिळून काढलं, लई दिस पट्टी केली." मग आमच्याकडं का आला नाही म्हटलं, तर गाडीभाडं कुठलं आणायचं म्हणाली.

म्हणजे दोघांचीपण चिघळली. आता ह्यावरनं ग्लोव्ह्ज बदलल्याचा उपयोग होतो असंही ठरत नाही, होत नाही असंही नाही, हे मला कळतं. पण आमच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कमी आहे असं जे सगळे छातीठोक सांगतात, ते कुणी मोजलेलंच नाही. मी सरांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं, चारचौघात नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वही मागितली, पानं उलटली आणि म्हणाले, माझे मागचे सगळे पेशंटपण घाला ह्यात, सगळ्यांना फोन लावा.

ग्लोव्ह्ज ते अजून दर वेळी बदलत नाहीत, आठवण केली तर बदलतात. क्लोजर सेट एकच आहे, रात्री लागोपाठ दोन पोटं आली की दुसऱ्याच्या वेळी तो निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, ऑटोक्लेव्हमध्ये, असतो. दुसऱ्या सेटसाठी परत अर्ज दिलाय, ह्या वेळी सरांची सही घेऊन.