बाबांच्या कॅसेटींसाठी एसएसडी निवडताना

चवथीला आठ दिवस राहिले होते. बाहेर पाऊस धरलेला, आणि मी कॅसेट क्रमांक ६२ कॉम्प्युटरवर उतरवत बसले होते. मध्येच मशीनच्या पोटातून कट् कट् असा आवाज आला. थोडा वेळ थांबला, परत आला. पडद्यावरची ध्वनीची रेघ गोठली. हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारा छोटा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर ‘पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत मोठा आकडा आणि शेजारी पिवळा ठिपका. डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले होते.

त्याच रात्री जे वाचेल ते बाहेर काढलं. तीन कॅसेटींच्या फाइली मात्र गेल्या, कारण त्यांची दुसरी प्रत मी अजून केली नव्हती. त्या तिन्ही पुन्हा वाजवाव्या लागल्या. दोन नीट उतरल्या. तिसरीची पट्टी डेकच्या रोलरमध्ये गुंतली आणि अकरा-बारा मिनिटांचा भाग चुरगळून गेला. जत्रेतल्या एका नाटकाचं ते रेकॉर्डिंग होतं, पायपेटीवर बाबा होते. ती अकरा-बारा मिनिटं आता कुठेच नाहीत. हे मला अजून लागतं, आणि म्हणूनच पुढची डिस्क, या वेळी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क), घेताना मी एवढा विचार केला.

आमचं घर गोव्यात, फोंड्याला. बाबा गावच्या भजनी मंडळाबरोबर पेटी वाजवायचे आणि जत्रेच्या दिवसांत देवळासमोर होणाऱ्या संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे. एका वर्षी वास्कोच्या सप्ताहातही साथीला बसले होते. टेपरेकॉर्डर बरोबर न्यायचा आणि रंगमंचाच्या कडेला ठेवायचा ही त्यांची सवय. अशा २१४ कॅसेटी कपाटात आहेत. १४० साठ मिनिटांच्या, ७४ नव्वदच्या. आपल्याकडच्या हवेत बऱ्याच कॅसेटींना बुरशी धरली आहे, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलणं शक्य नव्हतं.

आधी हिशेब केला. कुठलीही डिस्क घेण्याआधी आपल्याला किती आणि काय साठवायचं आहे ते कागदावर मांडावं, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही प्रकारच्या कॅसेटी मिळून २५१ तास होतात. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ध्वनी उतरवते, त्याला तासाला साधारण १ जीबी लागतो. म्हणजे सगळं मिळून २६० जीबीच्या आसपास. काम चालू असताना ऑडॅसिटी (ध्वनी दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर) हाच आवाज ३२ बिटमध्ये धरून ठेवतं, तेव्हा तासाला १.४ जीबी लागतात, आणि खरखर काढली, आवाज सारखा केला की प्रत्येक पायरीला त्यात भर पडते. २५० जीबीची डिस्क अपुरी पडली असती. १ टीबीची चालली असती, पण तयार फाइली मी तिथे ठेवणारच नव्हते (का, ते पुढे सांगते). म्हणून ५०० जीबी. विकत घेतल्यावर मशीनमध्ये ४६५ दिसतात, त्याने घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक.

आता वेगाबद्दल. माझा भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो, मडगावहून रोज येऊन-जाऊन. जाता जाता घरी डोकावतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “आत्या, साटा वगैरे आता कोण घेतं? एनव्हीएमई घे. सात हजारांचा स्पीड येतो.” साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी कॉम्प्युटरला जोडायचे दोन प्रकार, पहिला जुना, दुसरा नवा. आकडा बरोबर होता. पीसीआय एक्सप्रेस (एनव्हीएमई बोर्डाशी ज्यावरून बोलते तो मार्ग), त्याच्या तिसऱ्या पिढीवर चालणारी एनव्हीएमई सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास वाचते, चौथ्या पिढीची चांगली डिस्क ७००० पर्यंत जाते. साटाची सर्वांत चांगली एसएसडी ५५०-५६० च्या पुढे जात नाही.

पण आमचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. या बोर्डावर एम.२ चा स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी थेट बसवायची खाच, नाही. वेगळं कार्ड लावून एनव्हीएमई जोडता येते, पण त्या काळच्या बायोसला (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) ती ओळखता येत नाही, त्यामुळे तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. भाचा बोर्डाचं माहितीपत्रक घेऊन बसला आणि त्यानेच आणखी एक गोष्ट शोधून काढली. एच ६१ वरचे साटा पोर्टसुद्धा जुन्या पिढीचे, सेकंदाला ३ गिगाबिटचे. त्यात दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट पाठवले जातात, म्हणून प्रत्यक्षात कमाल ३०० एमबी, आणि हाती येतात २७०-२८०. म्हणजे ५६० ची डिस्क आणली तरी आमच्याकडे ती निम्म्यानेच धावणार.

“मग उपयोग काय?” तो म्हणाला.

उपयोग आहे, आणि तो मी त्याला कॅसेटवरूनच समजावला. कॅसेटमध्ये चौथं पद ऐकायचं तर पट्टी पुढे पळवावी लागते. तबकडीवर ते सोपं, सुई उचलून हवी तिथे ठेवायची. हार्ड डिस्क ही तबकडीसारखी. तिचीही एक सुई असते, ती जागेवर न्यावी लागते, आणि हवा तो भाग फिरत फिरत सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची. सुई हलण्याचा वेळ धरला तर एक तुकडा शोधायला १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी तुकडे. कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे इकडून-तिकडून गोळा करावे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सुई नाही. एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात मिळतो. जुन्या मशीनमध्ये एसएसडी टाकल्यावर जो फरक जाणवतो तो या शोधण्याचा. खोक्यावरचा ५६० किंवा ७००० हा आकडा एक भलीमोठी फाइल सलग वाचतानाचा, आणि घरच्या वापरात ते काम क्वचितच पडतं. त्याला हे पटलं. जुनी मशीन दुरुस्त करून घेणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं, असं मला तेव्हा वाटलं.

तुमचा बोर्ड नवा असेल आणि त्यावर एम.२ चा स्लॉट असेल तर भाच्याचं बरोबर, एनव्हीएमईच घ्या. फक्त स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा ते माहितीपत्रकात पाहा, कारण वरून दोन्ही सारखेच दिसतात. बहुतेक डिस्का २२८० मापाच्या असतात, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब.

तर साटा ठरली, अडीच इंची. खरी निवड इथून पुढे सुरू झाली. दुकानात पाच-सहा खोकी समोर आली, किमतीत दीड पटीचा फरक, आणि बाहेरून सगळ्यांवर तोच ५००-५५० चा आकडा. दुकानदाराने आधी सर्वांत स्वस्त पुढे केली. मी दोन प्रश्न लिहून नेले होते: आत डीरॅम आहे का, आणि पेशी टीएलसी की क्यूएलसी?

डीरॅम म्हणजे डिस्कच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. तिचं असं आहे. कुठला डेटा कुठल्या पेशीत आहे याचा एसएसडीला सतत नकाशा ठेवावा लागतो. डीरॅम असेल तर तो नकाशा एसएसडीच्या हाताशी, झटकन दिसेल असा राहतो. नसेल तर तो पुन्हा पुन्हा फ्लॅशमधून, म्हणजे त्या पेशींमधूनच, वाचावा लागतो. एनव्हीएमई डिस्का यासाठी कॉम्प्युटरच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेऊ शकतात. साटाला ती सोय नाही. म्हणून साटा घेताना डीरॅमला मी जास्त महत्त्व दिलं. क्रुशल बीएक्स ५०० आणि किंग्स्टन ए ४०० मध्ये डीरॅम नाही. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग असेल तर त्यांनीही भागतं, आणि हार्ड डिस्कच्या तुलनेत त्याही कितीतरी पुढे आहेत. क्रुशल एमएक्स ५०० आणि सॅमसंग ८७० इव्हो यांत डीरॅम आहे.

पेशींचं गणित सोपं आहे. एका पेशीत विजेचा भार कोंडून ठेवतात आणि तो किती आहे यावरून बिट ओळखतात. टीएलसीत एका पेशीत ३ बिट, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत ४ बिट, १६ पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ तितकं लिहायला हळू जावं लागतं आणि पेशी लवकर झिजते. क्यूएलसी डिस्क सुरुवातीला वेगात लिहिते कारण थोड्या जागेत ती प्रत्येक पेशीत एकच बिट लिहिते. ती जागा भरली की वेग इतका खाली येऊ शकतो की हार्ड डिस्क बरी वाटावी. मी एका बैठकीत तासन् तास लिहिते, मला टीएलसीच हवी होती.

शेवटी सॅमसंग ८७० इव्हो घेतली. पाच वर्षांची वॉरंटी, आणि ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० टीबी लिहिण्यापर्यंत. एमएक्स ५०० ला त्याच क्षमतेत १८० टीबी आहेत, तीही चाललीच असती. एसएसडी लिहून लिहून संपते ही भीती खूप जणांना असते, म्हणून माझा हिशेब देते. एका कॅसेटीमागे कच्चं रेकॉर्डिंग, दुरुस्त्या आणि शेवटची फाइल धरून १० जीबी लिहिले जातात असं समजा. २१४ कॅसेटींचे झाले दोन टीबीच्या थोडे वर. ३०० पैकी दोन! रोज २० जीबी लिहीत राहिलं तरी ३०० टीबी व्हायला ४१ वर्षं लागतील. घरच्या माणसाने या आकड्याची चिंता करू नये. पक्कं बिल मात्र घ्या आणि वॉरंटीच्या कागदाबरोबर जपून ठेवा.

चिंता करायची ती लाईटची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसएसडीतला तो नकाशा अर्धवट राहू शकतो. मोठ्या सर्व्हरसाठीच्या डिस्कांत यासाठी कपॅसिटर असतात, ते शेवटचं काम उरकण्यापुरती वीज धरून ठेवतात. घरगुती डिस्कांत सहसा पूर्ण संरक्षण नसतं. म्हणून डिस्कच्या पैशांतच यूपीएसची नवी बॅटरीही धरली. ८७० इव्होची १ टीबी न घेता ५०० घेण्यामागे हेही एक कारण होतं, वाचलेले पैसे बॅटरीत गेले.

आणि तयार फाइली एसएसडीत का ठेवत नाही ते. पेशीतला भार हळूहळू गळतो. जेडेक ही या क्षेत्रातली मानकं ठरवणारी संस्था. तिच्या मानकानुसार घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावर, वीज न देता, ३० अंश तापमानात निदान एक वर्ष डेटा टिकवते. नवी डिस्क त्याहून पुष्कळ जास्त टिकवेल. पण कपाटात ठेवून द्यायची आणि मुलांनी दहा वर्षांनी काढायची वस्तू ही नव्हे. शिवाय हार्ड डिस्क निदान कट् कट् करून सांगते, एसएसडी पुष्कळदा काहीच न सांगता एक दिवस दिसेनाशी होते. म्हणून कॅसेट पूर्ण झाली की फाइल त्याच दिवशी दोन बाहेरच्या हार्ड डिस्कांवर जाते. एक माझ्याकडे सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात, दुसरी मडगावला भावाकडे. भाचा महिन्यातून एकदा ती बॅगेतून आणतो आणि परत नेतो.

बसवायला अर्धा तास लागला. अडीच इंची डिस्क साडेतीन इंची जागेत बसवायला पत्र्याची पट्टी, एक साटाची केबल, चार स्क्रू. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय, म्हणजे एसएसडीला योग्य तो, आहे ना ते पाहिलं. जुन्या डिस्कची नक्कल केली नाही. दुखणाईत डिस्कवरून नक्कल काढणं मला धोक्याचं वाटलं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणारच होता. आमच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून कोऱ्या डिस्कवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. ऑडॅसिटी त्यावर तसंच चालतं, मराठी टायपिंगही. आधी मशीन वापरण्याजोगं व्हायला तीन मिनिटं लागायची, आता पंचवीस सेकंद. तासाभराचं रेकॉर्डिंग उघडलं की पूर्वी मी चहा टाकायला उठायचे. आता रेघ लगेच समोर येते आणि खरखरीची जागा कानात ताजी असतानाच सापडते.

त्या रात्रीच्या ६२ नंबरवरून आता १३१ वर आले आहे. खोक्यावर बाबांच्या अक्षरात ‘कवळे, पंचमी, रात्रौ’ एवढंच आहे, साल नाही. पहिल्या बाजूला पेटीचा सूर लावून घेतानाचा आवाज आहे, मागे जत्रेतल्या दुकानांचा गलबला, आणि कुणीतरी बाबांना विचारतंय, “काळी दोन का?” बाबांचं उत्तर ऐकू येत नाही, नुसता सूर येतो. त्या आवाजाचे चाळीस सेकंद मी साफ केलेले नाहीत, तसेच ठेवले आहेत.