आधी डाइव्ह, मग मीटिंग: दुबईच्या कामाला जोडून फुजैरा

कामाच्या दौऱ्यात स्कूबा डाइव्ह बसवायची म्हटलं की बहुतेक जण शेवटचा दिवस मोकळा ठेवतात. काम उरकलं की समुद्र, असा साधा हिशेब. गाडं अडतं ते नेमकं तिथेच, कारण डाइव्ह करून लगेच विमानात बसता येत नाही. डाइव्हरांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या डॅन या संस्थेची शिफारस अशी आहे: डीकम्प्रेशन थांबे (वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यावे लागणारे) न लागलेली एकच डाइव्ह असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवस डाइव्ह असतील तर १८ तास, आणि असे थांबे लागलेली डीको डाइव्ह असेल तर त्याहून बरेच जास्त. विमानात हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरू शकतो, आणि शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती असते. मी सरळ २४ तास धरते.

उलट दिशेला असं बंधन नाही. विमानातून उतरल्यावर झोप झाली असेल, भरपूर पाणी प्यायलं असेल आणि कान मोकळे असतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल पाण्यात जाता येतं. म्हणून दुबईच्या या दौऱ्यात समुद्र आधी ठेवला. काम सोमवारी सुरू होणार होतं. रविवारऐवजी शुक्रवारचं तिकीट मागितलं, दोन रात्रींचं हॉटेल माझ्या खर्चाने असं लिहून दिलं, आणि दोन्ही दिवसांच्या भाड्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला. ही विनंती तिकीट काढण्याआधी करावी. नंतर तारीख बदलायला गेलं की मंजुरीचा घोळ वाढतो.

यूएईत जानेवारी २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी असते. त्यामुळे वीकेंडला बोटी भरलेल्या असतात, जागा आठवडाभर आधी पक्की करावी. (शारजात सरकारी सुट्टी शुक्रवारपासूनच असते आणि पूर्व किनाऱ्यावरचं खोरफक्कान शारजाचं, हेही लक्षात असू द्या.)

दुबईच्या बाजूला आखात उथळ आणि गढूळ आहे, त्यामुळे डाइव्हसाठी फुजैराचा पूर्व किनारा गाठायचा. हजर पर्वत ओलांडून ओमानच्या आखातावर गाडीने दीड-दोन तासांत पोचता येतं. विमानतळावरून थेट तिकडेच गेले आणि फुजैरातल्या अल अका या किनारी गावात मुक्काम केला. दुबईत राहून पहाटे निघणंही जमतं, पण प्रवासानंतरच्या रात्री ती झोप फार मोलाची असते.

पहिली डाइव्ह दिब्बा रॉकला. उथळ जागा आहे, बराच वेळ पाण्यात राहता येतं, आणि मोठ्या खंडानंतर हात बसवायला उत्तम. २००७ चं गोनू वादळ आणि पाठोपाठ २००८-०९ ची रेड टाइड (समुद्रात सूक्ष्म शैवालाची बेसुमार वाढ) यांनी इथल्या प्रवाळाची दैना केली होती. अजूनही मोकळी, मोडकी जमीन दिसते. कासवं मात्र भेटतात, तीही निवांत. मार्टिनी रॉक मला जास्त आवडला: लाल-जांभळी मऊ प्रवाळं, आणि कपारीत डोकावत बसलं तर वेळेचं भान राहत नाही. पाणी हिरवट असतं. तांबड्या समुद्रासारखी व्हिजिबिलिटी (पाण्यात लांबवर दिसणं) मनात धरून आलात तर हिरमोड ठरलेला. हिवाळ्यात पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा ५ मिलिमीटरचा वेटसूट मागा. उन्हाळ्यात ते तिशी गाठतं.

बुडवलेल्या बोटी बघायच्या असतील तर तुमचं डाइव्हिंग प्रमाणपत्राचं कार्ड आधी तपासा. इंचकेप-२ सुमारे २२ मीटरवर आहे आणि इंचकेप-१ तिशीच्या आसपास. ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डची ३०. डाइव्ह केंद्रवाले नाही म्हणाले तर वाद घालू नये.

आठवड्यातल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळीसाठी दुबईत डीप डाइव्ह दुबई आहे. २०२१ मध्ये सुरू झालेला हा ६० मीटर खोल तलाव, आत बुडालेल्या शहराचा देखावा आणि पाणी ३० अंशांचं. खोली तुमच्या कार्डाप्रमाणेच मिळते. देखाव्याचं मला फारसं कौतुक वाटलं नाही, पण वर्षभर पाण्यात न उतरलेल्या माणसाला उजळणीसाठी याहून सोयीची जागा सापडणं कठीण. गोड्या पाण्यात वजनं कमी लागतात, समुद्रातला आकडा तसाच सांगू नका. आणि तलाव असला तरी ती डाइव्हच. उड्डाणाआधीचे तास तिलाही लागू.

ऑफिसच्या सामानात काय न्यावं? नंबरचा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र) आणि रॅशगार्ड, बस. फिन, बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं उपकरण) भाड्याने घ्यावेत. ओला वेटसूट लॅपटॉपशेजारी घेऊन फिरण्यात मजा नाही. कॉम्प्युटर भाड्याने घेऊ नये असं माझं मत आहे, कारण आधीच्या दिवसाच्या डाइव्हचा हिशेब तुमच्याच मनगटावर राहायला हवा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच. डाइव्ह केंद्राच्या वैद्यकीय प्रश्नावलीत एखादं ‘हो’ येणार असेल तर डॉक्टरांची सही घरूनच आणा. बोट सुटण्याच्या वेळी परक्या गावात डॉक्टर कुठे शोधणार?

कंपनीच्या प्रवास विम्यात स्कूबा धरलेलं असेलच असं नाही, आणि असलं तरी खोलीची अट असू शकते. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा आणि गरज पडली तर डाइव्हिंगचा वेगळा विमा काढा. प्रेशर चेंबरचा उपचार (बुडबुड्यांचा त्रास झाल्यावर वाढीव दाबाच्या कक्षात होणारा) आणि तिथवर नेण्याचा खर्च त्यात आहे का, एवढं नक्की विचारा.

हाच क्रम इतरत्रही चालतो, फक्त परतीचा रस्ता नकाशावर बघावा. जॉर्डनमध्ये अम्मानला काम असेल तर तांबड्या समुद्रावरचं अकाबा हाताशी आहे, सीडर प्राइड हे १९८५ साली मुद्दाम बुडवलेलं जहाजही तिथेच. पण अम्मान समुद्रसपाटीपासून बरंच उंच आहे, आणि गाडीने वर चढणं शरीराच्या दृष्टीने थोडंफार उडण्यासारखंच. तिथे रविवारी दुपारी डाइव्ह करून रात्री अम्मान गाठायचा बेत आखू नका. शेवटची डाइव्ह शनिवारी ठेवा आणि रविवारी उशिरा निघा.