सर क्रीक: हिरव्या रेघेचं भांडण

एक इंचाला चार मैल या प्रमाणाच्या नकाशावर पेनाने एक मिलिमीटर जाडीची रेघ ओढा. जमिनीवर तिची रुंदी अडीचशे मीटर होते. मग खाडी कुठे संपली आणि किनारा कुठे सुरू झाला हे त्या रेघेला विचारून काही उपयोग नसतो. सर क्रीकच्या वादात भारत आणि पाकिस्तान नेमकं हेच करतायत, तेही मुंबईत तयार झालेला एक कागद समोर ठेवून.

कच्छ आणि सिंध यांच्यामधली ही ९६ किलोमीटरची भरती-ओहोटीची खाडी. जुनं नाव बाणगंगा. आजूबाजूला चिखल, खाजण, तिवरं आणि मीठ. १९०८ साली तिथल्या जळाऊ लाकडावरून कच्छचे राव आणि सिंधचा इंग्रज कारभार यांच्यात तंटा लागला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं (१९३६ पर्यंत होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही), म्हणून तंटा मुंबई सरकारकडे आला. सिंधवाले पूर्वेला कोरी खाडीपर्यंत हक्क सांगत होते, राव पश्चिमेला सर क्रीकच्याही पलीकडे. तडजोड म्हणून सीमा सर क्रीकवर आणायची असं ठरलं आणि १९१४ मध्ये मुंबई सरकारने तसा ठराव केला.

गोम ठरावाच्या दोन परिच्छेदांत आहे. परिच्छेद ९ म्हणतो, सोबतच्या नकाशातली हिरवी रेघ ही सीमा. नकाशा क्रमांक बी-४४. त्यावर हिरवी रेघ खाडीच्या पूर्वेच्या काठाने जाते. ती जशीच्या तशी धरली तर अख्खं पाणी सिंधचं, म्हणजे आज पाकिस्तानचं. परिच्छेद १० म्हणतो, ही खाडी वेळोवेळी पात्र बदलते, म्हणून सीमेचं वर्णन ‘नौकानयनाच्या प्रवाहाचा मध्य’ असं करावं. तो धरला तर पाणी अर्धं अर्धं. पाकिस्तान नवव्यावर बोट ठेवतो, भारत दहाव्यावर. भारताच्या हाती १९२५ चा बी-७४ हा नकाशाही आहे, त्यात रेघ खाडीच्या मधोमध आहे. पाकिस्तानचं उत्तर: ओहोटीला जिथे होडी चिखलात बसते तिथे नौकानयनाचा प्रवाह कसला? भारताचं प्रत्युत्तर: भरतीला मासेमारीच्या बोटी आत-बाहेर करतात, ते मग काय आहे?

कागदाच्या बाजूने पाहिलं तर मला भारताची बाजू वजनदार वाटते. सीमा पूर्वेच्या काठावरच ठेवायची असती तर खाडी पात्र बदलते ही चिंता ठरावात लिहायचं कारणच नव्हतं. पण हे लिहिणाऱ्याने नकाशा पुन्हा रंगवून घेतला नाही, आणि त्या आळसाचं भाडं शंभर वर्षं चाललंय.

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात लढाई झाली. सरदार चौकी, कंजरकोट, बियार बेट ही तेव्हाची नावं. ब्रिटनच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि प्रकरण तीन जणांच्या लवादाकडे गेलं: अध्यक्ष स्वीडनचे लागरग्रेन, भारताने सुचवलेले युगोस्लाव्हियाचे बेब्लर आणि पाकिस्तानने सुचवलेले इराणचे एन्तेझाम. पाकिस्तान चोविसाव्या अक्षांशापर्यंत, म्हणजे सुमारे ३,५०० चौरस मैल मागत होता. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्यात त्याला त्यातला साधारण दहावा हिस्सा मिळाला. पण खाडीच्या शेंड्यापासून समुद्रापर्यंतचा भाग दोघांनी लवादापुढे ठेवलाच नाही, कारण तो १९१४ लाच मिटलाय असं दोघेही मानत होते. दोघांच्या डोक्यात ‘मिटलेली’ रेघ मात्र वेगवेगळी होती.

आता मध्य काढायचा तरी कसा, ते बघू. प्रवाहाच्या सर्वांत खोल बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे थालवेग. ती काढायला सर्वेक्षणाची बोट खाडीला आडव्या फेऱ्या मारते, ठरावीक अंतरावर एकेक. प्रतिध्वनीवर चालणारं खोलीमापक यंत्र दर क्षणाला खोली नोंदवतं, जीपीएस जागा नोंदवतं, आणि काठावर रोवलेली भरतीची मोजपट्टी पाणी किती चढलं-उतरलं ते सांगते. प्रत्येक खोलीतून त्या क्षणाचं भरतीचं पाणी वजा करून ती एकाच पातळीवर आणायची, प्रत्येक फेरीतला खोल बिंदू उचलायचा, बिंदू जोडायचे.

चिखलाच्या खाडीत हे तीन ठिकाणी फसतं. तळाशी पातळ, ताकासारखा गाळ असतो. उच्च वारंवारतेचा ध्वनी त्याच्या वरच्या थरावरूनच परत येतो, कमी वारंवारतेचा आत शिरून खालच्या घट्ट तळावरून येतो. यंत्र एक, जागा एक, खोली दोन. कुठली लिहायची हे आधी लेखी ठरलं नसेल तर दोन देशांचे सर्वेक्षक एकाच बोटीवर बसून दोन नकाशे घेऊन घरी जातील. दुसरं, प्रवाह जिथे दोन फाट्यांत वाहतो तिथे मुख्य फाटा कुठला? खोल असलेला की जास्त पाणी वाहून नेणारा? तिसरं, एका पावसाळ्यानंतर सगळं हललेलं असू शकतं. सिंधूची पूर्वेकडची शाखा १८१९ च्या भूकंपात उठलेल्या अल्लाह बंद या लांबलचक उंचवट्याने तोडली, तेव्हापासून या भागातल्या खाड्यांना वरून नदीचा जोर नाही. समुद्र आत येतो, बाहेर जातो आणि गाळ हवा तसा रचतो.

म्हणून शहाणा करार मोजणीची तारीख लिहितो आणि त्या दिवशीचे अक्षांश-रेखांश कायमचे गोठवतो. खाडी नंतर कुठेही गेली तरी रेघ जागची हलत नाही. बांगलादेशबरोबरच्या सागरी सीमेचा निवाडा जुलै २०१४ मध्ये असाच अक्षांश-रेखांशांवर झाला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले, भारताने ते स्वीकारलं, आणि ज्या न्यू मूर बेटावरून एके काळी युद्धनौका निघाल्या होत्या ते तोवर पाण्याखाली गेलेलं होतं. इथे तसं होत नाही, कारण पाकिस्तानशी तिसरा पंच नको ही भारताची भूमिका पक्की आहे. तरी २००७ मध्ये दोन्ही देशांनी खाडीचं संयुक्त सर्वेक्षण केलं आणि नकाशांची देवाणघेवाणही झाली. म्हणजे तांत्रिक काम होऊ शकतं. औपचारिक चर्चेची शेवटची फेरी २०१२ ची. त्यानंतर सगळं थंड.

चिखलासाठी एवढं का, असं कुणीही विचारेल. खाडी जिथे समुद्राला मिळते तो बिंदू ठरला की तिथून पुढे समुद्रातली सीमा निघते: १२ सागरी मैल प्रादेशिक पाणी, २०० सागरी मैल आर्थिक क्षेत्र. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर. ढोबळ हिशेब करा: रेघ पूर्ण लांबीवर पाच किलोमीटर सरकली तर १,८५० चौरस किलोमीटर समुद्र इकडचा तिकडे. प्रत्यक्षात समांतर सरकत नाही, कारण मध्यरेषा दोन्ही किनाऱ्यांवरच्या जवळच्या बिंदूंपासून मोजतात. आणि इथेच चिखलाला भाव येतो. सागरी कायद्यानुसार फक्त ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा उंचवटा किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत असेल तर तिथून मोजायला सुरुवात करता येते. दिवसातून दोनदा बुडणारा एक ढिगारा कुणाचा, यावर दूरवरच्या माशांची आणि तळाखालच्या वायूची वाटणी टांगलेली. पाकिस्तानने १९९६ मध्ये आपली आधाररेषा (समुद्रातली अंतरं जिथून मोजतात ती किनाऱ्याची रेषा) जाहीर केली, भारताने हरकत घेतली. भारताने २००९ मध्ये केली, पाकिस्तानने घेतली. भारताने एकदा सुचवलं होतं की आधी समुद्राच्या टोकाकडून निर्विवाद भाग ठरवत किनाऱ्याकडे येऊ. पाकिस्तान म्हणतो आधी खाडी.

युद्धाचा धोका कुठून येतो ते इथे नीट पाहायला हवं. दलदलीत रणगाडा चालत नाही. तिथे सीमा सुरक्षा दलाच्या तरंगत्या चौक्या आहेत, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी आहेत, चिखलावर जाणारी वाहनं आहेत. समोर पाकिस्तानचे मरीन्स. या चिखलातून कुणी कुणावर चालून जाणार नाही. पण सरळ रेषेत कराची पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि आपल्या बाजूला कांडला, मुंद्रा, जामनगरचे तेलशुद्धीकरण कारखाने. बिनमोलाच्या जागेला दोन्हीकडून अतिशय मोलाच्या गोष्टी चिकटलेल्या आहेत. २ ऑक्टोबर २०२५ ला भुजमध्ये राजनाथ सिंह यांनी कराचीचा एक रस्ता खाडीतून जातो असं पाकिस्तानला सुनावलं, ते पलीकडच्या लष्करी बांधकामाच्या संदर्भात.

हुकूम देऊन सुरू होणाऱ्या युद्धापेक्षा इथे चुकून पेटणाऱ्या ठिणगीची भीती जास्त. १० ऑगस्ट १९९९, कारगिल संपून जेमतेम दोन आठवडे. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान याच भागात भारताच्या मिग-२१ ने पाडलं, आतले सोळाही जण मेले. विमान आमच्या हद्दीत होतं, असं दोघेही म्हणाले. १९९१ च्या करारानुसार टेहळणीसकट लढाऊ प्रकारच्या विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटर लांब राहायचं असतं. पण कुठल्या रेघेपासून १० किलोमीटर? खाली जमिनीवर रेघच ठरलेली नाही तिथे आकाशातला नियम हवेतच राहतो. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. न्यायालयाने जून २००० मध्ये आपल्याला अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण संपवलं. आज त्या जागी स्वस्त ड्रोन आहेत. ड्रोन पाडायला कुणी फार विचार करत नाही, आणि त्यानंतरची पायरी काय हे कुठल्याच करारात नाही. तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ च्या करारामुळे थेट फोन आहे. तो बोटींसाठी.

बोटींचं गणित मात्र रोजचं आहे. मासेमारी बोटीच्या जीपीएसवर दिसणारी सीमारेषा भारताची आहे, दोघांनी मान्य केलेली नव्हे. तिच्या अलीकडे पाच सागरी मैलांचा मनाईचा पट्टा. समजा तांडेलने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, पट्ट्याच्या कडेवर जाळं टाकलं आणि इंजिन बंद पडलं. दोन नॉटचा, म्हणजे ताशी दोन सागरी मैलांचा प्रवाह तीन तास ओढत राहिला की सहा मैल. पट्टा संपला, वर एक मैल पलीकडे. ट्रॉलचं जाळं ओढत असताना तर बोट झटकन वळतही नाही. जाळं आवरायचं की कापायचं, हा निर्णय मालकाच्या पैशांचा असतो, आणि मासा जिथे आहे तिथेच तांडेल जाणार.

ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर पालघर, डहाणू, तलासरीकडचे खलाशी हंगामाला जातात, त्यामुळे ही खाडी महाराष्ट्रापासून वाटते तितकी लांब नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून निघालेल्या बोटीवर पलीकडून गोळीबार झाला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मेला. पकडले गेलेले कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती भोगून झाल्यावर नागरिकत्वाची पडताळणी सुरू होते आणि ती शिक्षेपेक्षा लांबते. आधार, मतदार ओळखपत्र, बोटीवर चढताना काढलेला टोकन यांच्या प्रती खलाशाच्या घरी असतील तर पडताळणीला मदत होते. पाण्यात नेलेले मूळ कागद जप्त बोटीबरोबर जातात. २००८ च्या करारामुळे दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे २१७ भारतीय मच्छीमार होते, भारताकडे ८१ पाकिस्तानी. सुटका होते ती वाघ्यावरून, म्हणजे समुद्रात पकडलेला माणूस पंजाबातून चालत घरी येतो. बोट बहुतेक वेळा येतच नाही.