तुम्ही विचारलंत म्हणून : बाई असून नवऱ्याचं अपील?

"मॅडम, राग मानू नका, पण बाई असून तुम्ही बायको जाळणाऱ्याचं अपील कसं काय चालवता?"

सोलापुरात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, आणि बार रूममध्ये पुरुष सहकारी तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारतात. माझं ठरलेलं उत्तर असतं, ‘अपील हा प्रत्येकाचा हक्क आहे.’ ते खरंच आहे. पण त्याने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

‘जाळणाऱ्याचं’ हे तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. सत्र न्यायालयानेही ठरवलेलं असतं, हे मान्य. पण त्या न्यायालयाने ते कशावरून ठरवलं, एवढंच पाहायचं म्हणून तर अपील असतं. तिथे साक्षीदार येत नाहीत, उलटतपास नसतो, कोणी रडत नाही, कोणी आरोपीकडे बोट दाखवत नाही. जन्मठेपेचं अपील असेल तर समोर दोन न्यायमूर्ती, बाजूला सरकारी वकील, आणि टेबलावर पेपरबुक: फिर्याद, दोषारोप, साक्षी, पंचनामे, आरोपीचा जबाब, निकालपत्र. माझं काम वाचण्याचं आहे. बोलणं त्यामानाने थोडं.

दाखल करण्याचा भाग सरळ आहे. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस असतात, नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो. माणूस तोवर बहुधा येरवड्याला हलवलेला असतो, म्हणून वकीलपत्रावरची सही तुरुंगामार्फत येते. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमं ३७४ आणि ३८९ होती, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१५ आणि ४३० झाली. आधी यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबईचा प्रवास असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, आता सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूर. रस्ता बदलला, वाचायचे कागद तेच आहेत.

खुनाच्या शिक्षेत स्थगितीचा अर्ज बहुतेकदा फेटाळला जातो, आणि घरच्यांना वाटतं अपीलच गेलं. तसं नसतं. अपील रांगेत उभं असतं आणि माणूस आत. वर्षं अशीच जातात. मधल्या काळात घरचे नवा साक्षीदार घेऊन येतात, ‘शेजारी आता खरं सांगायला तयार आहे’ म्हणतात. अपिलात नवा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती फार क्वचित वापरली जाते. सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरच्या कोर्टात जे रेकॉर्डवर आलं नाही, ते वर जवळपास नसल्यातच जमा असतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते.

बाई भाजून मेली की खटला बहुधा दोन-तीन कागदांवर उभा राहतो. ती आधी अपघात विभागात येते. ड्युटीवरचा डॉक्टर केसपेपरवर ‘हिस्ट्री’ लिहितो: कशाने भाजलं, किती वाजता, कोणी आणलं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांत कळवायच्या प्रकरणाची, नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, हवालदार येऊन एक जबाब घेतो. मग ठाण्याचं पत्र जातं आणि नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून दुसरा जबाब घेतात. माहेरची माणसं पोचल्यावर कधीकधी तिसराही होतो. ती गेली की हे सगळे मृत्युपूर्व जबाब होतात. असा जबाब विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या कुठल्याही पुराव्याशिवाय त्यावर शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच खुशाल राव खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे एका कागदावर जन्मठेप. तो कागद मी निरखून वाचू नये, अशी अपेक्षा असेल तर ती मला मान्य नाही.

तो कागद वाचायचा कसा, ते सांगते. पेपरबुकातली टाइप केलेली प्रत पुरत नाही, मूळ निशाणी, म्हणजे कोर्टात पुरावा म्हणून दाखल झालेला अस्सल कागद, मागवून पाहावी लागते. सर्वांत वर डॉक्टरचा शेरा असतो, ‘पेशंट शुद्धीवर असून जबाब देण्यास सक्षम आहे.’ त्याखाली सही आणि वेळ. मग जबाब सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आणि शेवटी दुसरा शेरा, की जबाब संपेपर्यंत ती शुद्धीवर होती. या चार वेळा एका कागदावर मांडायच्या आणि शेजारी हवालदाराच्या जबाबाची वेळ लिहायची. दोन जबाब एकाच वेळी चालू असल्याचं दिसतं तेव्हा एक तरी बसल्या जागी नंतर लिहिला गेलाय. मग नर्सिंग चार्ट काढायचा. वेदनाशामक किंवा गुंगीचं इंजेक्शन कधी दिलं, त्यानंतर किती मिनिटांनी ही बाई पानभर, मुद्देसूद, तारीखवार बोलली? शेरा वेगळ्या शाईत, कडेला कोंबून लिहिलेला असेल तर तो आधीचा की नंतरचा, हे मूळ कागदावरच कळतं.

एवढ्यावर अपील जिंकता येतं असं समजू नका. डॉक्टरचा शेरा नसला तरी दंडाधिकाऱ्याने स्वतः खात्री करून घेतली असेल तर जबाब टिकतो, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ठरवलं. जबाब वाचून दाखवल्याची नोंद नाही, नुसत्या तेवढ्या कारणावर तो बाजूला टाकता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलंय. म्हणून खरा प्रश्न पुढचा असतो. दंडाधिकाऱ्याने खात्री केली म्हणजे काय केलं? नाव, गाव, मुलं किती, तू कुठे आहेस, असं काही विचारलं का? नातेवाइकांना बाहेर काढलं का? सोलापूरच्या पूर्वभागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड. अशा घरातल्या बाईचा जबाब अस्खलित सरकारी मराठीत लिहिलेला असतो, आणि मध्ये कोणी समजावून सांगितलं याची एका ओळीची नोंद नसते. तिची भाऊजय सांगत होती की वॉर्डबॉय?

अंगठ्याचंही तसंच. दोन्ही हात खोलवर भाजलेत असं शवविच्छेदन अहवाल म्हणतो आणि कागदावर रेषान् रेषा स्पष्ट असलेला अंगठा असतो. अंगठा वाचलेला असू शकतो, असतोही. पण मग तशी नोंद हवी. पंजाबच्या ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नेमक्या अशा ठशावर संशय घेतला होता.

आणि मजकूर. पहिल्या केसपेपरवर ‘स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका’, नंतरच्या जबाबात ‘नवऱ्याने रॉकेल ओतून काडी लावली’. मी अर्थातच पहिल्या कागदाला धरते. पण पहिला कागद लिहिला जाताना तिच्या उशाशी कोण उभं होतं, हेही मी पाहते. ‘कोणी आणलं’ या रकान्यात बहुधा नवऱ्याचं किंवा सासूचं नाव असतं. पोरं त्यांच्याच घरात आहेत, आपण जगलो तर तिथेच परत जायचंय, हे तिला त्या क्षणी कळत नसेल? सरकारी वकील हाच मुद्दा मांडतात आणि त्यात तथ्य असतं. मग मी दुसरी बाजू मांडते, की त्याने पेटवलं असतं तर उचलून दवाखान्यात आणलं असतं का? त्यातही तथ्य असतं. दोन्ही एकाच रकान्यातून निघतं.

बाकीचे कागद कोणी फारसं उघडत नाही. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. त्यात दोन्ही तळव्यांवर भाजल्याच्या जखमा लिहिलेल्या असतात, विझवताना होतात तशा, आणि खालच्या कोर्टात डॉक्टरला त्यावर एक प्रश्न विचारलेला नसतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यात स्टोव्ह होता का, टाकीत रॉकेल किती होतं, भिंत कुठल्या उंचीपर्यंत काळी झाली? केसांत आणि टाळूवर रॉकेल सापडलं की फक्त साडीच्या खालच्या भागात? रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आणि अंगावर कुठे भाजलं त्याचा नकाशा एकमेकांशी जुळतात का? आरोपीकडेही एक भार असतो. घराच्या चार भिंतींत, तो हजर असताना मृत्यू झाला, तर काय घडलं ते त्याने सांगायला हवं, हे त्रिमुख मारोती किरकण खटल्यापासून, म्हणजे २००६ पासून, प्रत्येक सरकारी वकील म्हणतो. आपल्या अशिलाने कोर्टापुढच्या जबाबात प्रत्येक प्रश्नाला ‘खोटं आहे’ एवढंच म्हटलेलं असतं, तेव्हा मला फार अवघड जातं.

निकाल नेहमी सुटका किंवा जन्मठेप असाच लागतो असंही नाही. पेटवल्यानंतर त्यानेच पाणी ओतलं, धावपळ केली, अशा राजस्थानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला. मीही अनेकदा तेवढंच मागते.

आता जे विचारायला तुम्ही कचरता ते मीच सांगते. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांपैकी काहींनी ते केलेलं असणार. कोणी, ते मला माहीत नाही. व्हरांड्यात तिची आई बसलेली असते, तिच्या डोळ्याला डोळा मला देता येत नाही. वकिलीच्या सुरुवातीला मी म्हणत असे, खरंखोटं पाहणं माझं काम नाही, मी फक्त पुरावा पाहते. ते वाक्य आज तोंडातून निघत नाही. मेलेल्या बाईचं शेवटचं बोलणं हातात धरून ‘माझा सत्याशी संबंध नाही’ म्हणणं मला नको वाटतं. पण माझ्यातल्या त्या तरुण वकिलीणबाईला मी गप्पही करू शकत नाही. ती मला विचारते, मग संशयाचा फायदा फक्त तुला पटलेल्या माणसांना द्यायचा का? कुणाला द्यायचा ते तू ठरवणार? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि अपिलं मी चालवतेच आहे.

तिच्या माहेरच्यांची अपिलंही मी घेते, हे कोणी विचारत नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताच्या घरच्यांनाही अपिलाचा हक्क आहे: आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी धरला किंवा भरपाई अपुरी दिली तर. शिक्षा वाढवून मागता येत नाही, ते सरकारने करायचं. त्या अपिलांत मी हेच कागद उलट बाजूने वाचते आणि त्याच भोकांवर अडते. वेळा जुळत नाहीत. कोणी समजावलं ते लिहिलेलं नाही. ती खरं बोलली असेल तर त्या निष्काळजी कागदाने तिचं खरं वाया घालवलं, आणि तो निर्दोष असेल तर त्याच कागदाने त्याला आत टाकलं. तुमचा राग माझ्यावर आहे, तो मी समजू शकते. पण त्यातला थोडा जबाब लिहून घेणाऱ्यांकडे वळवा. नीट लिहिलेल्या जबाबापुढे मला बोलायला फारसं काही उरत नाही, आणि तसं उरू नये असंच मला वाटतं.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं केलंय. मृत्युपूर्व जबाबाचंही करा, असं मी म्हणते तेव्हा माझ्याच ओळखीच्या बायका विरोध करतात. जळालेली, उघडी पडलेली बाई कॅमेऱ्यात घ्यायची, ती चित्रफीत ठाण्यात, मग कोर्टात, मग कुणाच्या मोबाइलमध्ये? त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. मग निदान आवाज तरी घ्या. खोलीत कोण होतं, प्रश्न कोणी विचारला, कुठल्या भाषेत, आणि उत्तर तिनेच दिलं का, एवढं त्यावरून कळेल.