सारंगखेड्यात घोडी बघताना

आज मामासोबत सारंगखेड्याच्या यात्रेत होतो, त्याला वरातीसाठी घोडी घ्यायचीय. दत्तजयंतीला तापीकाठी हा बाजार भरतो, मारवाडी काठियावाडी सगळी जनावरं, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, बघतच राहावं असली. पण गिऱ्हाईकं बघतात काय, तर रंग आणि अंगावरचे केसांचे भोवरे! देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा आहे का, अमुक खोड म्हणजे अशुभ खूण आहे का, त्यावरच भाव वरखाली. मला नाही पटत बुवा.

मामानं आधी जबडा उघडून दात बघितले, पाचेक वर्षांपर्यंत पुढचे दुधाचे दात पडून पक्के येतात, पुढं वय झिजेवरून कळतं. मग डांबरी रस्त्यावर दुडकी चालवायला लावली. पुढचा पाय दुखरा असला की तो टेकताना घोडं मान वर झटकतं, मऊ मातीत हे लवकर लक्षात येत नाही. व्यापारी म्हणे "एकदम गरीब आहे भाऊ", म्हटलं मग बँडजवळ नेऊन दाखवा की, तिथं लगेच कान मागं, म्हणजे बिथरलीच!

आणि ग्लँडर्सची रक्त तपासणी विचारायचीच, तो आजार माणसालाही होतो आणि घोड्यात त्यावर खात्रीचा इलाज नाही म्हणून घोडं मारावं लागतं. रिपोर्ट मागितला तर गडी चहा सांगायला निघून गेला 😄